पाठ मातीला लागते तेव्हा

पहाटेची वेळ आहे. माणगावात काळ नदीच्या काठावर अजून धुकं आहे आणि कोकण रेल्वेची गाडी लांबून धडधडत जाते आहे. तुम्ही कुठेही असा, जमिनीवर बसा. पाठ ताठ, खांदे सैल. गाडीचा आवाज विरेपर्यंत काहीच करू नका.

आता चिमूटभर माती हातात घ्या. आमच्याकडची माती तांबडी. ती बोटांत चुरा, तिचा वास घ्या.

हीच चिमूट घेऊन मनाने तालमीत चला. हौद्यातली माती चाळून मऊ केलेली असते. तिच्यात ताक मुरलेलं असतं, तेल, हळद, लिंबू, कापूर असतो. पैलवान वाकतो, तिला हात लावतो, हात कपाळाला नेतो आणि मग आत उतरतो. जिच्यावर आपली पाठ टेकायची आहे, तिलाच आधी नमस्कार. चार श्वास एवढ्याच गोष्टीवर थांबा.

निकाली कुस्तीचा नियम अगदी साधा आहे. पाठ मातीला लागली की कुस्ती संपली. त्यात गुण मोजायचे नसतात. कोल्हापूरचं खासबाग मैदान शाहू महाराजांच्या काळात, १९१२ साली उभं राहिलं. तिथे हौदा मधोमध आणि माणसं चहूबाजूंनी. हरणाऱ्याला आडोसाच नाही. असं सगळ्यांच्या डोळ्यांदेखत चितपट होणं काय असेल, ते क्षणभर अंगात येऊ द्या.

आता मेक्सिकोत जा. १९३३ साली साल्वादोर लुत्तेरोत यांनी तिथे व्यावसायिक कुस्तीची कंपनी काढली. तिथली कुस्ती म्हणजे लुचा लिब्रे. तिथे बरेच मल्ल मुखवटा घालून उतरतात. दोन्ही खांदे टेकवून तीन आकडे मोजले की एक फेरी. परंपरेने तीनपैकी दोन जिंकेल तो विजयी. एक गट नियमाने लढणारा, एक नियम मोडणारा. पण समोरच्याचा मुखवटा ओरबाडला तर ओरबाडणारा बाद. मुखवटा उतरायचा तो पैजेच्या कुस्तीत. तिथे हरलेला मल्ल तो काढतो, आपलं खरं नाव सांगतो आणि नियमाप्रमाणे तो मुखवटा पुन्हा घालायचा नसतो. एल सान्तो नावाच्या मल्लाने चाळीस वर्षं मुखवटा राखला. १९८४ साली तो गेला, तेव्हा मुखवट्यासकट त्याला पुरलं.

इथे थांबा. आपल्या मल्लाच्या अंगावर लंगोटाखेरीज काही नाही आणि त्या मल्लाचा चेहराही झाकलेला. तरी हार दोघांकडे एकच मागते: आहेस तसा दिस.

आता स्वतःकडे वळा. तुमची एक हार आठवा. फार मोठी नको, अजून सलते अशी. ती लपवायला तुम्ही कोणता चेहरा चढवलात? तो हळूच चाचपून पाहा. ओढू नका, ओरबाडू नका. तो तुमच्याच हाताने, तुमच्या वेळेला उतरू दे.

एका जत्रेच्या मैदानात मी एक पोरगा हरताना पाहिला. हलगी थांबली. तो उठला, तेव्हा पाठभर तांबडी माती होती. तिच्यावरून घामाचे ओघळ उतरत होते. म्हातारे वस्ताद पुढे आले आणि काही न बोलता पंच्याने त्याची पाठ पुसू लागले. त्या पोराचे खांदे खाली आले. श्वास सोडताना तुमचेही येऊ द्या.

कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ साली लंडन ऑलिम्पिकला गेले. मातीत घडलेला मल्ल तिथे मॅटवर लढला आणि सहावा आला. चार वर्षांनी, १९५२ साली, हेलसिंकीत त्यांनी कांस्यपदक मिळवलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक पदक. मला मात्र मधली चार वर्षं जवळची वाटतात. सहाव्या नंबरासकट रोज पुन्हा उभं राहण्याची ती वर्षं. तुमची ती वर्षं कदाचित आत्ता चालू असतील. त्यांना नावं ठेवू नका.

शेवटचे तीन श्वास. धुकं आता वर सरकलं असेल. चिमूट जमिनीवर सोडा. बोटांना जी माती राहील, ती झटकण्याआधी एकदा कपाळाला लावा.