देहाची डागडुजी

सज्जनहो, देह नाशिवंत आहे हे आपण नित्य ऐकतो, आणि संधी मिळाली की दुसऱ्यालाही ऐकवतो. मग हा देह मोडला तर तो सांधून घेण्याची खटपट करावी की करू नये? हा प्रश्न आम्हांस पोथी वाचताना पडला नाही. तो 2025 सालच्या आषाढी एकादशीस क्रांती चौकात एका वृद्ध माळकऱ्याने विचारला. दिंड्या वाळूजजवळच्या छोट्या पंढरपुराकडे निघाल्या होत्या. शिवछत्रपतींच्या पुतळ्यापाशी त्याने आम्हांस गाठले नि म्हणाला, "बुवा, आपल्या पैठणच्या कूर्मदासाला हातपाय नव्हते, तरी देव त्याच्याकडे धावत गेला. तुम्ही मात्र खांद्यात धातू बसवून आलात. भरवसा कमी पडला का हो?"

उत्तर देण्याआधी आमची हकीकत सांगितली पाहिजे. पुष्कळ वर्षे दिंडीतली वीणा आमच्या गळ्यात होती. पुढे उजव्या खांद्यातल्या शिरा झिजून तुटल्या, सांधा घासला, आणि कपाळी बुक्का लावायलाही हात वर जाईना. पौषात शस्त्रक्रिया झाली. मौज अशी की आमचा नवा सांधा उलटा आहे. देवाने वाटी पाठीच्या फऱ्याला दिली आणि गोळा दंडाच्या हाडाला. वैद्यांनी गोळा फऱ्यावर बसवला व वाटी दंडावर. त्यामुळे तुटलेल्या शिरांचे काम खांद्यावरचा मोठा स्नायू एकटा करतो. ही युक्ती फ्रान्समधील पॉल ग्रामाँ यांनी 1985 च्या सुमारास रूढ केली. त्याच देशात 1893 साली पेआँ नावाच्या शल्यवैद्याने क्षयाने खाल्लेल्या खांद्यात प्लॅटिनम नि रबराचा सांधा बसवला होता. तो पुढे काढावा लागला. इतक्या लोकांच्या खटपटीवर आमचा एक हात उभा आहे!

पण खरी परीक्षा शस्त्रक्रियेनंतर झाली. सहा आठवडे हात झोळीत. सदरा घरच्यांनी घालायचा, भाकरी त्यांनी मोडून द्यायची. देहाचा अभिमान सोडा म्हणून ज्या तोंडाने आम्ही कीर्तनात सांगत होतो, त्याच तोंडाने एके दिवशी वरणात मीठ कमी म्हणून सुनेवर खेकसलो. मीठ बरोबर होते. दुसऱ्याच्या हातून जेवावे लागते याची लाज तेवढी खारट होती. पुढे व्यायाम आले. वाकून हात घड्याळाच्या लंबकासारखा हलवायचा, मग भिंतीवर बोटांनी मुंगीसारखे चढायचे. आज जिथवर बोट पोहोचले तिथे कोळशाची खूण करायची. उद्या तिच्यावर एक बोट गेले तरी दिवाळी. घाई केली तर सांधा निखळतो, आळस केला तर आखडतो. अंगाचा भार त्या हातावर टाकायचा नाही, म्हणून साष्टांग नमस्कारही बंद. हे मात्र जिवाला लागले.

आता त्या माळकऱ्याचा प्रश्न. कूर्मदासाची कथा आपण अर्धीच सांगतो असे आम्हांस वाटते. हात नाहीत म्हणून तो पैठणात देवाची वाट पाहत बसला नाही. सरपटत निघाला, पोट सोलवटले तरी निघाला. जो देह होता तो सगळा त्याने वाटेवर खर्च केला. लऊळला आल्यावर मात्र पुढे जाववेना, तेव्हा तो थांबला आणि वारकऱ्यांकरवी देवाला निरोप धाडला. चालवते तिथवर चालणे आणि न चालवता थांबणे, ही दोन्ही त्याच एका भक्ताने केली. आमच्या गावी शल्यवैद्य आहे, तर त्याच्याकडे जाणे हे आमचे सरपटणेच झाले. यात भरवसा कमी कुठे पडला?

हे उत्तर ऐकून म्हातारा हसला. "ते पटलं बुवा. पण हात कशासाठी बरा केला, सेवेसाठी की वीणेसाठी?"

येथे आमची जीभ अडली. खोटे कशाला बोलावे? भिंतीवर बोटे चढवताना आमच्या डोळ्यांपुढे विठोबा क्वचितच असे. असे ती वीणा, आणि मधल्या काळात ती ज्याच्याकडे गेली तो पोरगा. तो स्वर जरा चढा लावतो. आमच्यासारखे कुणाला जमत नाही, असे आम्ही मनात शंभरदा म्हटले असेल. सप्ताहात वीणा एका गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते, रात्रंदिवस खाली टेकत नाही, हा नेम लहानपणापासून पाहिला. पण आपल्या गळ्यातून ती गेली तेव्हा चोरी झाल्यासारखे वाटले.

इतक्यात तो पोरगा स्वतःच आला. काही न बोलता त्याने वीणा काढून आमच्या गळ्यात घातली आणि पाया पडला. बाबा पेट्रोल पंपापर्यंत आम्ही ती वाहिली. खांदा दुखत नव्हता. वैद्यांनी एवढ्या ओझ्याची मुभा दिली होती. वाळूजपर्यंतही नेली असती. तिथे पोहोचल्यावर पोरगा बाजूने चालतोय हे दिसले. त्याचे हात रिकामे होते, आणि ते कुठे ठेवावेत हे त्याला कळत नव्हते.

आम्ही वीणा उतरवली. "चढा लावू नको," एवढे मात्र सांगितलेच. तो "हो बाबा" म्हणाला आणि नगर नाक्याच्या चढाला लागताच पुन्हा चढाच लावला. मागे टाळकऱ्यांत जागा होती. गजरात सगळ्यांचे हात डोक्यावर गेले, आमचा कपाळापर्यंत गेला.