हयातीचा दाखला

प्रिय धर्मग्रामस्थांनो,

वाढदिवसाची मिस्सा असो की लग्नाचा सुवर्णमहोत्सव, आपण देवाजवळ हमखास एक मागणे मागतो : दीर्घायुष्य. हे मागणे आता पुष्कळांच्या बाबतीत पुरे होत आहे. देश स्वतंत्र झाला तेव्हा भारतीय माणसाचे सरासरी आयुर्मान बत्तीस वर्षांच्या आसपास होते. आज ते सत्तरच्या घरात आहे. आपल्याच गावात ऐंशी ओलांडलेली माणसे घरोघरी दिसतात. त्याबद्दल देवाचे आभार मानलेच पाहिजेत. पण मागितलेले मिळाल्यावर त्याचे काय करायचे, हा प्रश्न उरतोच.

तो प्रश्न एका अनोळखी आजोबांनी माझ्यापुढे ठेवला. नोव्हेंबर महिन्यात पेन्शन घेणाऱ्यांना आपण जिवंत असल्याचा, म्हणजे हयातीचा दाखला द्यावा लागतो. चर्चच्या कामासाठी मी बँकेत गेलो होतो आणि हे आजोबा माझ्या शेजारी बाकावर बसले होते. वय एक्याण्णव, निवृत्त प्राथमिक शिक्षक, धर्माने हिंदू. बोटांवरच्या रेषा झिजल्यामुळे मशीनवर त्यांचा अंगठा उमटत नव्हता. माझा झगा पाहून ते हसत म्हणाले, "फादर, मी जिवंत आहे हे त्या मशीनला पटत नाही. खरं सांगू, मलाही फारसं पटत नाही."

मग ते आपण होऊन बोलू लागले. घरी काही त्रास नव्हता. मुलगा-सून चांगली होती, जेवण आणि औषध वेळेवर मिळत होते. "पण बायको गेली, भाऊ गेले, बरोबरीचे सगळे गेले. आता मला कोणी बाबा म्हणतं, कोणी आजोबा, कोणी गुरुजी. 'अरे' म्हणणारं कोणी उरलं नाही. रोज रात्री देवाला सांगतो, आता ने. तुमच्या धर्मात हे पाप आहे का हो?"

मी म्हणालो, "नाही आजोबा. मनातलं देवाला सांगणं पाप कसं असेल?" तेवढ्यात त्यांचा नंबर आला आणि ते काठी टेकत उठले.

हा प्रश्न आपल्या घरांतही आहे, फक्त तो मोठ्याने विचारला जात नाही. म्हणून त्याचे उत्तर थोडे सविस्तर देतो.

बायबलमध्ये एलिया संदेष्ट्याने हेच मागितले होते. रानात एका झुडपाखाली बसून त्याने देवाला सांगितले, की आता पुरे झाले, माझा प्राण घे. देव त्याच्यावर रागावला नाही. त्याने त्याला झोपू दिले. मग देवदूताने त्याला हलवून उठवले आणि भाकर व पाणी दिले, एकदा नव्हे, दोनदा. पुढे होरेब डोंगरावर देवाने त्याला नावाने हाक मारून त्याची विचारपूस केली. 'मी एकटाच उरलो आहे' हे त्याचे दुःख होते. देवाने त्याला सांगितले, की तू एकटा नाहीस. आणि त्याच्या सोबतीला अलिशा दिला. म्हणजे मरण मागणाऱ्या माणसाला देवाने तीन गोष्टी दिल्या : भाकर, हाक आणि सोबत.

संत पौलही तुरुंगातून फिलिप्पैकरांना लिहितो, की निघून ख्रिस्ताजवळ जावे असे मला वाटते, पण तुमच्यासाठी इथे राहणे अधिक गरजेचे आहे. तेव्हा देवाच्या घराची ओढ लागणे हे पाप नव्हे. जीवनाचे आपण मालक नाही, राखणदार आहोत. म्हणून ते स्वतःच्या हाताने संपवणे हे मात्र ख्रिस्तसभेला मान्य नाही. पण 'मला ने' या प्रार्थनेत पुष्कळदा दुसरीही एक हाक दडलेली असते. ती देवासाठी नसते, आपल्यासाठी असते.

मार्टिन बुबर या ज्यू तत्त्वज्ञाने १९२३ साली 'मी आणि तू' या नावाचा ग्रंथ लिहिला. माणूस 'तू'च्या नात्यातच 'मी' होतो, हा त्याचा गाभा. आजोबांनी हा ग्रंथ वाचला असेल असे वाटत नाही, पण तेच सत्य ते जगत होते. मान देणारी माणसे भोवती असूनही, आपल्याला लहानपणापासून ओळखणारे कोणी नसले की माणूस आतून परका होतो. भाकर मिळते, हाक मिळत नाही. मोठ्यांना 'अहो' म्हणणे आपले कर्तव्यच आहे, पण बरोबरीच्या माणसाची 'अरे' किंवा 'अगं' ही हाक आपण त्यांना देऊ शकत नाही.

मग आपण काय करू शकतो? एक म्हणजे, बरोबरीच्यांची भेट घडवून आणू शकतो. आपल्या गावात दोन आळ्या पलीकडे राहणाऱ्या मैत्रिणी वर्षवर्ष भेटत नाहीत. एकीचे गुडघे दुखतात, दुसरीला नीट दिसत नाही. त्यांना रिक्षाने नेऊन तासभर एकत्र बसवणे ही मोठी दया आहे. दुसरे म्हणजे, आपण विचारू शकतो. नोव्हेंबरात मृतांसाठी मिस्सेला देण्याची नावे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून लिहा. ही तुमची कोण होती, तुम्हाला काय म्हणून हाक मारायची, हेही विचारा. आपल्यासाठी ती केवळ नावे असतात. त्यांच्यासाठी ती 'अरे' म्हणणारी माणसे असतात.

आणि ज्यांच्या बरोबरीचे खरोखरच कोणी उरले नाही, अशा आजीआजोबांना मी एवढेच सांगेन : आपण प्रभूच्या प्रार्थनेत देवाला 'तू' म्हणतो. तोही आपल्याला नावाने ओळखतो, आणि म्हातारपणी, केस पिकल्यावरही मी तुम्हाला वाहून नेईन, असे त्याने यशया संदेष्ट्याकरवी सांगितले आहे. त्याच्यापुढे तुम्ही अजून लहानच आहात.

ज्यांना चर्चला येणे जमत नाही, त्यांची नावे कार्यालयात द्यावीत. कम्युनियन घेऊन मी घरी येईन आणि थोडा वेळ बसेन.

ख्रिस्तात आपला,
प्रमुख धर्मगुरू