समोरच्या घरातलं काश्मीर

भुसावळच्या पोरांना भूगोल शाळेत शिकावा लागत नाही. झेलम जम्मूला जाते, गीतांजली हावड्याला, मंगला कोकणातून एर्नाकुलमला, हे त्यांना पाढ्यांच्या आधी येतं. अशा गावात गार्डाच्या बायकोनं देश पाहिला नसता तरच नवल. गार्डकाकूंनी तो पाहिला. रेल्वेचा पास होता, काका हौशी होते आणि गाडीत बसलं की काकूंना उलटी होत नसे, ही तिसरी गोष्टही काही कमी महत्त्वाची नाही.

त्यांच्या क्वार्टरसमोर फिटरवहिनी राहायची. नवरा लोकोशेडमध्ये फिटर. पास त्यालाही मिळायचा, पण सासू अंथरुणाला खिळलेली. तिला टाकून जाणार कोण आणि कुठे? वहिनीचा लांबात लांबचा प्रवास म्हणजे वणीची सप्तशृंगी, तोही लग्न झालं त्या वर्षी. त्यानंतर तिनं पाहिलं ते फलाटावरून सुटणाऱ्या गाड्यांचं शेपूट.

काकू प्रवासातून शिंपल्यांचे आरसे किंवा चंदनाचे हत्ती आणत नसत. त्या खायचं आणत, आणि याबद्दल त्यांना पैकीच्या पैकी गुण द्यायला हवेत. दिवाळीच्या सुटीत काश्मीरला गेल्या तेव्हा पांपोरची शेतं जांभळी होती. तिथून केशर आणलं. धारवाड-हावेरीकडून ब्याडगी मिरची आणली, सुरकुतलेली, रंगाला लालभडक आणि तिखटाला गरीब. कलकत्त्याहून थंडीतच मिळणारा खजुराच्या रसाचा गूळ. गोव्याहून तिरफळं. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली आणि भुसावळहून केरळ एकाच गाडीवर आलं, तेव्हा एर्नाकुलमहून कुडमपुळी आणली. ही आपल्या कोकमाची चुलत बहीण, पण धुरावर वाळवून काळी कुळकुळीत केलेली. निवृत्तीनंतर जोधपूरला गेल्या, तर केर-सांगरी.

आणलेली प्रत्येक चीज हॉर्लिक्सच्या बाटलीत किंवा तुपाच्या रिकाम्या डब्यात जायची. डब्यावर लेबल लागायचं. काकूंचं अक्षर देखणं. ‘केशर, पांपोर, १९८७.’ ‘मिरची, ब्याडगी, १९९२.’ डबे स्वयंपाकघरातल्या जाळीच्या कपाटात, वरच्या फळीवर. पाहुणे आले की कपाट उघडायचं, डबे दाखवायचे आणि कपाट बंद करायचं. कोणी म्हणालं, “काकू, काढा की मग थोडं केशर,” तर उत्तर ठरलेलं: “तसा प्रसंग आला की.”

प्रसंग येत होते. मुलाचा साखरपुडा झाला, पण शंभर माणसांच्या बासुंदीत इतकंसं केशर कोणाला कळणार? नातीचं बारसं झालं, पण त्यात बायकाच जास्त, त्यांचं लक्ष पाळण्याकडे. दिवाळीला घरात आधीच इतकं गोडधोड की कलकत्त्याचा गूळ त्यात हरवला असता. एकूण काय, प्रत्येक प्रसंग काकूंच्या डब्यांपुढे दोन बोटं तोकडा पडायचा. आपल्याकडे चांगल्या वस्तूचं हे असंच होतं. पैठणी लग्नाची वाट बघत घडीवर विरते आणि पाहुण्यांसाठीचे कप पाहुण्यांच्या आधी म्हातारे होतात.

मात्र काकूंचा एक शिरस्ता होता. प्रवासाहून आलं की समोरच्या घरी पुडी द्यायची. कागदाचा तुकडा, त्यात चमचाभर काहीतरी. “घे गं, तिकडचं आहे.” देण्यात मोठेपणा होता की माया, ते काकूंनाच ठाऊक. बहुधा दोन्ही.

फिटरवहिनीकडे कपाटच नव्हतं. पुडी ठेवायची कुठे, म्हणून ती त्याच संध्याकाळी चुलीवर चढायची. आधी काकूंना विचारायची, “तिकडं याचं काय करतात?” काकू पाहिलेलं सांगायच्या; करून पाहिलेलं नाही, नुसतं पाहिलेलं. मग वहिनी त्यात आपलं खानदेशी डोकं घालायची. ब्याडगी मिरची तिनं शेवभाजीच्या रश्श्यात वाटून घातली, तर रस्सा असा रंगला की फिटरनं घाबरत घाबरत पहिला घास घेतला आणि तिखटच लागेना म्हणून चौथी भाकरी मागितली. कलकत्त्याचा गूळ बाजरीच्या गरम भाकरीवर, वर तुपाची धार. कुडमपुळीच्या दोन फोडी तापीच्या मासळीच्या कालवणात. तिरफळाची मात्र फजिती झाली. त्याचं काळं बी काढून टाकायचं आणि नुसतं टरफल ठेचून शेवटी शेवटी कालवणात सोडायचं, हे काकू सांगायला विसरल्या. वहिनीनं सगळंच वाटलं. अख्खं पातेलं वाया गेलं.

अंथरुणावरच्या सासूला या पुड्यांचं वेड लागलं. बाई दहा-बारा वर्षं खाटेवरून हलली नव्हती. ताट पुढ्यात आलं, वास ओळखीचा नसला की ती उठून बसायचा प्रयत्न करायची. “आज कुठं उतरलो गं?” ती विचारायची. वहिनी सांगायची, “आज केरळला, आत्या.” मग म्हातारी पहिला घास तोंडात धरून ठेवायची आणि म्हणायची, “आता सांग, तिथं काय काय आहे.” तिरफळाच्या दिवशी तिनं घास थुंकून टाकला आणि सांगितलं, “या स्टेशनाला परत नको उतरू.”

तिथं काय काय आहे ते वहिनीला कुठून ठाऊक? ते सांगायला गार्डकाका यायचे. ही गोष्ट काकूंना फार उशिरा कळली. फिटरला भेटायला म्हणून काका समोर जायचे आणि तिथंच पाटावर बसायचे. घरी त्यांना केशराचा वाससुद्धा मिळत नव्हता, तिथं वाटीभर दूध मिळायचं. दूध पिता पिता ते सांगत सुटायचे: जवाहर बोगद्यात बस शिरली तेव्हा कशा सगळ्या बायका एकदम गप्प झाल्या, जोधपूरच्या वाळवंटी खेजडीच्या शेंगा म्हणजेच सांगरी, आणि ती झाडं पाण्यावाचून कशी उभी असतात. चव जिभेवर असली की काकांना सगळं आठवायचं. घरी जेवताना ते वरण-भात-भाजी जेवायचे आणि पेपर वाचायचे.

पुढे म्हातारी गेली. फिटर निवृत्त झाला. दोन्ही कुटुंबांनी क्वार्टर सोडलं आणि शहराच्या त्याच नव्या वस्तीत, पुन्हा समोरासमोर घरं बांधली. काकूंचे डबे टेम्पोत सगळ्यात शेवटी चढले आणि सगळ्यात आधी उतरले.

मग एका उन्हाळ्यात नात पुण्याहून सुटीला आली. कॉलेजात जाणारी मुलगी, चार मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहणारी, त्यामुळे स्वयंपाकात नव्यानं रस निर्माण झालेला. तिनं कपाट उघडलं आणि हरखलीच. “आजी, हे सगळं तू आणलंयस? हे कुडमपुळी कशात घालतात? कसं लागतं?”

“आंबट,” काकू म्हणाल्या.

“नुसतं आंबट? कैरीसारखं की चिंचेसारखं?”

काकू लेबलाकडे बघत राहिल्या. लेबलावर एवढंच लिहिलं होतं: कुडमपुळी, एर्नाकुलम.

नातीनं एकेक झाकण उघडलं. केशराच्या काड्या तपकिरी पडल्या होत्या. कोमट दुधात टाकल्या तर रंग उतरायला तयार नाही आणि वास तर केव्हाच गेलेला. ब्याडगी मिरच्या कडब्याच्या रंगाच्या झाल्या होत्या, तळाला किडीनं केलेली भुकटी. गुळाला पाणी सुटून तो डब्याला असा चिकटला होता की लेबल नसतं तर कोणी वंगण समजलं असतं. तिरफळांत फक्त बिया आवाज करत होत्या. मसाल्याचा जीव त्याच्यातल्या तेलात असतो. अख्खा मसाला तो थोडे दिवस धरून ठेवतो, कुटलेला तितकेही नाही, आणि वीस-तीस वर्षं तर कोणीच धरत नाही. धडधाकट राहिली होती ती धुरावलेली, मीठ लावलेली कुडमपुळी आणि अलीकडची केर-सांगरी. ती मुळात वाळवंटातच टिकायला शिकलेली.

काकूंनी नातीला रागावून घेतलं. डबे हलवले म्हणून, झाकणं उघडली म्हणून, असं बरंच काही. नात गुपचूप समोरच्या घरी गेली ती दिवेलागणीला परतली.

“आजी, पांपोरच्या शेतात त्या बाईनं तुझ्या हातावर फूल ठेवलं होतं ना? आणि म्हणाली होती, मोज, प्रत्येकात तीनच काड्या. किलोभराला दीड लाख फुलं लागतात म्हटल्यावर तू हिशेब करायला लागलीस आणि तुमची बस सुटायला आली. आणि हाउसबोटीच्या फळीवरून तुझी चप्पल दाल सरोवरात पडली, मग आजोबांची घालून तू श्रीनगर फिरलीस!”

काकू थक्क झाल्या. चप्पल त्यांना आठवत होती. फूल त्या साफ विसरल्या होत्या, आणि आता नातीनं सांगताच तळहातावरचा त्याचा गारवाही आठवला. “हे तुला कोणी सांगितलं?”

“समोरच्या आजीनं. अजून कितीतरी आहे. तिला ते केशराचं दूध अजून आठवतं.”

खरं तर काकूंनी खूश व्हायला हवं होतं. पण माणसाचं मन इतकं सरळ नसतं. आपला प्रवास आपल्या घरात नसून समोरच्या घरात आहे, तोही चमचाभर पुडीच्या भावात गेलेला, हे कळल्यावर त्यांचं पित्त खवळलं. त्या तशाच चप्पल घालून समोर गेल्या.

“माझ्या काश्मीरच्या गोष्टी तू काय म्हणून सांगत सुटलीस?”

वहिनी भरीत ठेचत होती. बडगीतला हात न थांबवता तिनं विचारलं, “काकू, त्या तुम्ही दिलेल्या पुडीतच होत्या. मी काय बाजारातून आणल्या?”

यावर काकूंकडे उत्तर नव्हतं. त्या पाटावर टेकल्या. समोर कळण्याची भाकरी होती, तुरकाट्यांवर भाजलेल्या वांग्याचा वास घरभर होता. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, “तिरफळाचं ते... म्हातारी काय म्हणाली होती?” आणि वहिनीनं सांगितल्यावर दोघी इतक्या हसल्या की काका पेपर टाकून बघायला आले.

दुसऱ्या दिवशी केर-सांगरी शिजली. रात्रभर भिजवून, पाणी दोनदा बदलून, कारण केर कडू असतात. वहिनीनं त्यात खानदेशी काळा मसाला घातला. काकूंनी विरोध केला: जोधपुरात धणे, आमचूर आणि दही होतं, हा मसाला नव्हता. वहिनी म्हणाली, दही घरात नाही. भांडण भाजी शिजेपर्यंत चाललं. मग काकूंनी, स्वतःच आणलेल्या त्या भाजीचा पहिला घास घेतला. थोडी कडवट, थोडी आंबट, दाताखाली करकरीत. “हं,” त्या म्हणाल्या. मग काकांकडे वळून, “अहो, त्या हॉटेलात आपल्या शेजारी बसला होता तो उंटवाला, त्यानं ताटातलं तूप पिऊन टाकलं होतं, आठवतं?” काकांना आठवत नव्हतं. समोरच्या घरी ही गोष्ट कधी पोचलीच नव्हती, कारण ती काकूंकडेच अडकली होती.

कपाट रिकामं झालं. त्यात आता चहा-साखर असते.

त्याच डिसेंबरात काकूंनी वहिनीला जबरदस्तीनं मंगलाच्या गाडीत बसवलं. “पास आहे, सासू नाही, आता काय सबब?” वहिनी खिडकीशी बसली आणि रत्नागिरी येईपर्यंत एक शब्द बोलली नाही. एर्नाकुलमला एका लहानशा खानावळीत केळीच्या पानावर भात आला आणि वाटीत लालभडक माशाचं कालवण. वहिनीनं घास घेतला, डोळे बारीक केले आणि आतल्या खोलीकडे बघून ठसक्यात म्हणाली, “फोडी कमी घातल्या. आणि उकळी फुटल्यावर घातल्यात, आधी घालायला हव्या होत्या.”

खानावळवाल्याला मराठी येत नव्हतं. तो हसत हसत जवळ आला. वहिनी उठली आणि थेट त्याच्या चुलीपाशी गेली. तिथं मातीच्या भांड्यात भिजत घातलेल्या काळ्या फोडींकडे बोट दाखवून तिनं मान वळवली. “काकू, याला इकडं काय म्हणतात हो?”

नाव तेवढं काकूंना पाठ होतं.