मुरण्याआधीचे गाणे

शास्त्रीय गायनाची ध्वनिमुद्रिका म्हणजे मुळात बैठकीच्या गाण्याचीच ध्वनिमुद्रिका. तंबोऱ्याची जोडी, तबला, हार्मोनियम आणि हातभर अंतरावर बसलेले श्रोते, एवढ्याशा जागेत हे गाणे घडते. विशी-पंचविशीतल्या गायकाची अशी ध्वनिमुद्रिका निघाली की जाणकारांचा शेरा ठरलेला असतो: तयारी आहे, पण अजून मुरायला हवे. हा शेरा पुष्कळदा निम्मे गाणे ऐकायच्या आधीच देऊन झालेला असतो.

त्यात तथ्य आहेच. तयारी वेगळी आणि समज वेगळी. तान दाणेदार येणे, आवाज तिन्ही सप्तकांत फिरणे, समेवर न चुकता येणे ही तयारी. रियाज नेटाचा असेल तर ती लवकर येते. यमनात निषादावर किती रेंगाळायचे, तोंडावर आलेली कोणती तान गिळून टाकायची, ही समज. तरुण गवयाचे बिंग द्रुतात फुटत नाही. ते विलंबित ख्यालाच्या पहिल्या दहा मिनिटांत फुटते. गंधाराशी दोन घटका थांबायचे तिथे तो तार षड्जाच्या ओढीने निघालेला असतो.

ध्वनिमुद्रणाच्या तंत्राचाही यात हात आहे. ७८ फेऱ्यांच्या तबकडीची एक बाजू साधारण तीन-सव्वातीन मिनिटांची. तेवढ्यात स्थायी, अंतरा, चार आलाप आणि तानांचा फुलोरा बसवायचा, म्हणजे बढतीला वावच नाही. ते माप तयारीच्या गळ्याला सोयीचे होते, आणि तयारी तरुणांकडे भरपूर असते. पुढे लाँगप्ले आली, एका बाजूवर वीस मिनिटे मिळू लागली, आणि समजेची परीक्षा सुरू झाली. कॅसेट आणि त्यानंतरच्या साधनांनी वेळेची अडचण जवळपास संपवली. आता कोवळ्या गळ्याला आडोसाच उरला नाही.

शेऱ्याची खरी कसोटी कुमार गंधर्वांपाशी लागते. ८ एप्रिल १९२४ रोजी बेळगाव जिल्ह्यातल्या सुळेभावी येथे जन्मलेला शिवपुत्र कोमकळीमठ हा मुलगा थोर गवयांच्या तबकड्या ऐकून त्या जशाच्या तशा गाऊन दाखवीत असे. १९३६ साली मुंबईच्या जिना हॉलमध्ये त्याने जाणकारांना थक्क केले, तेव्हा त्याला बारावे वर्ष लागले होते. देवधर मास्तरांकडचे रीतसर शिक्षण त्याच सुमाराचे. हे गाणे मुरलेले नव्हते. बरेचसे दुसऱ्याचेच होते. पण पुढे क्षयाने एक फुप्फुस निकामी केले, १९४८ च्या आरंभी देवासला मुक्काम हलला आणि काही वर्षे गाणे जवळजवळ बंद राहिले. त्यानंतर आलेली छोट्या दमाची, तुकड्यातुकड्यांनी झेपावणारी गायकी कुठून निघाली आणि कुठे वळली, हे ताडायला त्यांच्या लहान वयातल्या तबकड्या हाताशी असाव्या लागतात.

मुरेपर्यंत थांबा म्हणणाऱ्यांचे घराणेदार म्हणणे असे, की ध्वनिमुद्रिका हा शेवटचा शब्द आहे. तो घाईने उच्चारू नये. मात्र हे म्हणताना ते गवयाचे आयुष्य गृहीत धरतात. द. वि. पलुसकर १९५५ साली गेले तेव्हा वय अवघे ३४. त्यांच्या गाण्याच्या जेवढ्या ध्वनिमुद्रिका आहेत त्या सगळ्या एका तरुणाच्या आहेत. हा नियम त्यांना लावला असता तर कपाट रिकामे राहिले असते.

रिकाम्या कपाटांची उदाहरणे आहेतच. अल्लादिया खाँसाहेब १९४६ पर्यंत होते, म्हणजे तबकड्यांचा भर त्यांच्या डोळ्यांसमोर झाला; तरी त्यांच्या गाण्याची एकही तबकडी नाही. भास्करबुवा बखल्यांचीही नाही. ‘स्वयंवर’ नाटकाच्या (१९१६) बुवांनी बांधलेल्या चाली बालगंधर्वांच्या गळ्यातून तबकडीवर गेल्या, एवढाच काय तो बुवांचा आवाज. बाकी सगळे शिष्यांच्या आठवणींत, आणि आठवणीतले गाणे नेहमीच निर्दोष असते. त्याच्याशी तुलना केली की कोणताही जिवंत तरुण कच्चाच ठरायचा.

तरुणांच्या ध्वनिमुद्रिकांची गरज पुण्या-मुंबईबाहेर आणखी वेगळी दिसते. मानवत हे परभणी जिल्ह्यातले तालुक्याचे गाव, कापसाच्या व्यापाराचे. सवाई गंधर्व महोत्सव पुण्यात १९५३ पासून भरतो. मानवतच्या श्रोत्याला तिथवर जायचे तर मानवत रोड स्टेशन गाठून रात्रीच्या प्रवासाचा घाट घालावा लागतो. अशा गावात आकाशवाणी, कॅसेट आणि आता हातातला फोन हीच बैठक. तिथे गाणे शिकणाऱ्या मुलाला केवळ साठीतल्या गवयांच्याच ध्वनिमुद्रिका मिळाल्या, तर गाणे म्हणजे शेवटची अवस्था असा त्याचा समज होतो. वाटेत गवई कसा अडखळतो, काय टाकतो, काय धरतो, हे त्याला समवयस्काच्या गाण्यातच ऐकू येते. शिवाय गाणे लोणच्यासारखे झाकण लावून मुरत नाही, ते चारचौघांत गाऊन मुरते.

तेव्हा आक्षेप वयावर टिकत नाही. तो दुसरीकडे वळवावा लागतो, आणि तिथे मात्र जुन्या जाणकारांची बाजू बळकट आहे. आज स्टुडिओत चुकलेला सूर यंत्राने सरळ करता येतो, दहा वेळा घेतलेल्या तानांतली एक निवडून जोडता येते. त्यामुळे बाविशीतल्या गायकाचे गाणे कच्चे वाटायच्या ऐवजी नको इतके पक्के वाटू लागले आहे. त्यात तयारी अस्सल असली तरी वाट पुसलेली असते. शिकणाऱ्याच्या हाती काही लागत नाही आणि अभ्यासकाचीही फसगत होते. तरुणांच्या ध्वनिमुद्रिका निघाव्यात, पण शक्यतो बैठकीतल्या, सलग, खोकला आणि दाद यांच्यासकट.

त्यांवर तारीख, ठिकाण आणि गायकाचे वयही छापावे. जुन्या तबकड्यांच्या लेबलवर गायकाचे नाव, राग आणि क्रमांक असे, साल बहुधा नसेच. त्यामुळे कोणती तबकडी गवयाने कोणत्या वयात गायली, हे संग्राहकांना आजही त्या क्रमांकांवरून जुळवत बसावे लागते.