दोऱ्यात गुंफलेला वेळ

यंत्रावर विणलेली लेस आज बाजारात मीटरवर मिळते. ती स्वस्त असते, एकसारखी असते आणि मागाल तेवढी मिळते. असे असूनही आपल्या धर्मग्रामांतील अनेक घरांत कोणी आजी, कोणी मावशी, एखादी कॉलेजात जाणारी मुलगी क्रोशाची सुई हाती धरून तासन् तास बसलेली दिसते. एका रुमालाच्या झालरीसाठी कित्येक संध्याकाळी खर्ची पडतात. मग घरातलेच कोणीतरी विचारते, “एवढा वेळ कशाला घालवतेस?” प्रश्न सहज विचारलेला असतो, उत्तर मात्र सहज देता येत नाही. वेळ ही देवाने दिलेली ठेव आहे, असे आपण मानतो. ज्या वस्तूवाचून कोणाचे अडत नाही, तिच्यासाठी ती ठेव खर्च करणे योग्य आहे काय?

या प्रश्नाकडे वळण्यापूर्वी ही आवड लागते कशी, ते पाहू. क्रोशाची आवड कोणी जन्माला येताना घेऊन येत नाही. ती बहुधा कोणाच्या तरी शेजारी बसून लागते. मे महिन्याच्या सुट्टीत आत्याकडे राहायला गेलेली मुलगी, शाळेत शिवणाच्या तासाला धर्मभगिनींनी हातात सुई दिलेली विद्यार्थिनी, बाळंतपणासाठी माहेरी आलेली लेक, अशा कितीतरी जणी कोणाच्या ना कोणाच्या हाताकडे पाहून शिकल्या. २०२० सालच्या टाळेबंदीत अनेक तरुण मुलामुलींनी मोबाइलच्या पडद्यावर अनोळखी हात पाहून ही कला उचलली. तेथेही शिकवणारा एक हात होताच.

आरंभी आवड नसते, वैतागच असतो. साखळी एके ठिकाणी आवळते, दुसरीकडे सैल पडते. सुईचे टोक दोऱ्याचे धागे वेगळे करते. गोल रुमाल विणताना वाढवायचे खांब कमी पडले, तर तो सपाट न राहता वाटीसारखा वर वळतो, आणि जास्त झाले, तर त्याला चुण्या पडतात. पुन्हा उसवायचे, पुन्हा विणायचे. असे काही आठवडे गेले की एके दिवशी बोटे न सांगता चालू लागतात. तीन साखळ्या, एक खांब, पुन्हा तीन साखळ्या ही मोजणी मनातल्या मनात श्वासासारखी चालते. त्या दिवसापासून सुई खाली ठेववत नाही. आवडते म्हणून माणूस एखादे काम करतो, असे आपण म्हणतो. परंतु करीत राहिल्यामुळे ते आवडू लागते, हेही तितकेच खरे आहे. संसारातील प्रेम आणि रोजची प्रार्थना यांचाही अनुभव काही निराळा नाही. निष्ठा आधी येते, गोडी मागाहून येते.

क्रोशा हा मूळचा फ्रेंच शब्द असून त्याचा अर्थ लहान आकडा असा होतो. एक आकडा आणि एक दोरा, एवढेच या कलेचे भांडवल. दोन सुयांवरच्या विणकामात एका वेळी कितीतरी टाके सुईवर जिवंत असतात आणि एक निसटला, तर खालपर्यंत शिडी पडत जाते. क्रोशात बहुतेक वेळा एकच फास जिवंत असतो. मागचे सर्व टाके आपापल्या जागी बंद झालेले असतात आणि पुढचे अद्याप अस्तित्वात नसतात. विणणाऱ्याला केवळ या एका टाक्याकडे पाहावे लागते. आजचे काम आज, उद्याची चिंता उद्या, ही प्रभूची शिकवण डोंगरावरच्या प्रवचनात आपण वारंवार ऐकतो. क्रोशा ती बोटांना शिकवतो. चूक झाली, तर सुई काढून दोरा ओढायचा, म्हणजे काम थेट त्या चुकीपर्यंत उसवत जाते. दोरा वाया जात नाही. वेळ मात्र गेलेला असतो, आणि तो पुन्हा द्यावा लागतो.

या कलेचे मर्म मला येथेच दिसते. क्रोशाच्या वस्तूत दोऱ्याची किंमत थोडी असते. तिच्यात साठलेला असतो तो वेळ. बाप्तिस्म्याच्या झबल्याची झालर विणणारी आजी त्या जन्मायच्या नातवंडाला आपल्या आयुष्यातील काही आठवडे देऊन टाकते. बाळ पाहण्याआधी ती त्याच्यासाठी कितीतरी तास बसलेली असते. वेदीवरच्या वस्त्राची किनार, प्रथम कम्युनियनच्या ओढणीचा काठ, आजाऱ्याच्या पायांवर घालायची शाल, या सर्वांचा अर्थ एकच आहे: माझा वेळ मी तुला दिला. फ्रेंच विचारवंत सिमोन वेल यांनी असे मांडले आहे की, पूर्ण आणि निर्मळ अवधान हीच प्रार्थना होय. टाका मोजताना ज्याच्यासाठी विणतो त्याची आठवण मनात असेल, तर ते अवधान जपमाळेच्या मण्यांपासून फार दूर नसते.

तरीही पहिला आक्षेप शिल्लक राहतोच. शेजारी कोणी उपाशी असताना झालरी विणत बसणे हा अपव्यय नव्हे काय? असाच आक्षेप बेथनीच्या घरात घेतला गेला होता. एका स्त्रीने प्रभूच्या मस्तकावर मोलाचे सुगंधी तेल ओतले, तेव्हा हे तेल तीनशे दिनारांहून अधिक किमतीला विकून गरिबांना देता आले असते, असे काहींनी म्हटले. एक दिनार ही मजुराची एका दिवसाची मजुरी. म्हणजे जवळजवळ वर्षाची कमाई क्षणात ओतली गेली होती. प्रभूने त्या स्त्रीची बाजू घेतली. पण त्याच प्रसंगी, गरीब नेहमी तुमच्याजवळ आहेत आणि त्यांचे भले तुम्ही केव्हाही करू शकता, याचीही त्याने आठवण दिली. प्रेमाने दिलेले दान हिशेबात बसत नाही. म्हणून गरिबांचा हिशेब चुकवता येतो, असेही नाही. प्रेषितांच्या कृत्यांत यापो नगरातील टबीथा भेटते. ती मरण पावली, तेव्हा विधवांनी रडत रडत पेत्राला तिने केलेले अंगरखे आणि वस्त्रे दाखवली. तिच्या सत्कर्मांची साक्ष देण्यासाठी त्यांनी शब्दांच्या आधी कपडे पुढे केले. तिचा वेळ गरिबांच्या अंगावर होता.

क्रोशाच्या इतिहासातही हा गरिबांचा प्रश्न पावलोपावली उभा आहे. आयर्लंडमध्ये १८४५ पासून बटाट्याच्या पिकावर रोग पडला आणि त्या दुष्काळात सुमारे दहा लाख माणसे मरण पावली. त्याहूनही अधिक लोकांनी देश सोडला. त्या काळात कॉर्कजवळच्या ब्लॅकरॉक येथील उर्सुलाइन धर्मभगिनींनी गरीब मुलींना क्रोशा शिकवला. उत्तरेकडे क्लोनिस गावात अँग्लिकन धर्मगुरूंच्या पत्नी कॅसान्ड्रा हँड यांनी १८४७ साली हेच काम सुरू केले. कोणी गुलाब विणी, कोणी तीन दलांचे पान विणी, आणि अखेरीस ते सारे बारीक जाळीत एकत्र जोडले जात असे. एका आकड्यावर आणि थोड्याशा दोऱ्यावर अनेक कुटुंबांची चूल पेटती राहिली. आज ज्याला आपण करमणूक म्हणतो, ते त्या बायकांच्या हाती भाकरी होऊन आले होते.

परंतु भाकरीसाठी विणलेला टाका आणि प्रेमाने विणलेला टाका दिसायला सारखेच असतात, आणि येथेच नैतिक प्रश्न टोकदार होतो. मोजे विणण्याचे यंत्र इंग्लंडात १५८९ सालीच तयार झाले. क्रोशाची हुबेहूब नक्कल करून घाऊक माल काढणारे यंत्र मात्र आजही कारखान्यांत चालत नाही. क्रोशासारखी दिसणारी यंत्राची लेस मिळते. पण दुकानात टांगलेला खरा क्रोशाचा झगा किंवा रुमाल कितीही स्वस्त असला, तरी तो कोणाच्या तरी बोटांनीच विणलेला असतो. मग किंमत एवढी कमी कशी?

याचे एक उत्तर आपल्याच देशात सापडते. आंध्र प्रदेशात गोदावरीच्या मुखाजवळ नरसापूर आहे. तेथे एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी गरीब स्त्रियांना क्रोशाची लेस शिकवली. पुढे तिचा मोठा व्यापार झाला आणि माल परदेशी जाऊ लागला. जर्मन समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांनी त्या लेसकामकरी स्त्रियांचा अभ्यास करून १९८२ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यातील मुख्य निष्कर्ष विचार करायला लावणारा आहे. या स्त्रिया घरी बसून विणत, म्हणून त्यांना कामगार न म्हणता गृहिणी म्हटले गेले आणि त्यांच्या श्रमाला फावल्या वेळचा उद्योग समजले गेले. फावला वेळ म्हटला की त्याचे मोल द्यावे लागत नाही. दिवसाचे कितीतरी तास विणूनही हाती पडे ती मजुरी अत्यल्प, आणि नफा व्यापाऱ्याचा व निर्यातदाराचा. आपल्या घरात जो शब्द कौतुकाने वापरतो, तोच शब्द तेथे शोषणाचे साधन झाला.

एकाच माणसाच्या जीवनात या दोन्ही गोष्टी कशा नांदतात, हे संत झेली मार्टिन यांच्याकडे पाहून कळते. लिस्यूच्या संत तेरेजा यांच्या या माता. फ्रान्समधील आलांसाँ येथे त्या लेस तयार करून विकत आणि घरोघरी विणणाऱ्या स्त्रियांना काम देत. ती क्रोशाची नव्हे, साध्या सुईने टाका टाका घालून केलेली लेस होती. पण स्वभाव तोच, तुकड्या-तुकड्यांनी वाढणारा. निरनिराळ्या स्त्रियांनी केलेले तुकडे सांधण्याचे नाजूक काम झेली स्वतः करीत. खिडकीशी बसून लेस जोडताना मिळणाऱ्या समाधानाविषयी त्यांनी पत्रांत लिहिले आहे. मागणी फार वाढली की याच लेशीने आपल्याला गुलाम करून टाकले आहे, अशी तक्रारही त्याच पत्रांत आहे. हात तोच, दोरा तोच. १८७७ साली त्यांचे निधन झाले आणि २०१५ साली पोप फ्रान्सिस यांनी त्यांना पती लुई यांच्यासह संतपद दिले. ख्रिस्तसभेने वेदीचा मान दिलेल्या या स्त्रीला कामाचा आनंद आणि कामाचे जू, दोन्ही ठाऊक होते.

मग आनंद कोठे संपतो आणि जू कोठे सुरू होते? पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ सालच्या ‘लाबोरेम एक्झेर्सेन्स’ या परिपत्रकात सांगितले की, कामाचे मोल प्रथम ते काम करणाऱ्या माणसात असते. काम माणसासाठी आहे, माणूस कामासाठी नाही. सिमोन वेल यांनी १९३४-३५ या वर्षांत पॅरिसच्या कारखान्यांत मजुरी केली, तेव्हा नगावर मोजलेल्या श्रमाच्या वेगात मनातला विचारच विझून जातो, हे त्यांनी अनुभवले. ज्या अवधानाला त्यांनी प्रार्थना म्हटले, ते तेथे टिकत नव्हते. यावरून मला वाटते, खरा प्रश्न वेळ वाया गेला की नाही हा नाही. तो वेळ कोणाचा होता आणि तो दिला गेला की काढून घेतला गेला, हे पाहिले पाहिजे. आजीने नातवंडासाठी दिलेले आठवडे दान आहेत. नरसापूरच्या स्त्रीकडून नाममात्र मजुरीत घेतलेले आठवडे दान नव्हेत. कामकऱ्याची अडवून ठेवलेली मजुरी धन्याविरुद्ध ओरडते, असे याकोबाच्या पत्रात म्हटले आहे.

हा न्याय दूरच्या व्यापाऱ्यांना लावणे सोपे आहे. तो आपल्या अंगणातही लावून पाहावा. सण जवळ आला की वेदीच्या वस्त्रासाठी आपण त्याच दोन-तीन वृद्ध हातांकडे वळतो. लग्न ठरले की “मावशी, एक रुमालांचा संच विणून द्या ना,” असे सांगतो. दोऱ्याचे पैसेसुद्धा द्यायचे राहून जाते. त्यांना आवडते, त्यांचा वेळ जातो, असे आपण म्हणतो, आणि नरसापूरच्या व्यापाऱ्याचेच शब्द नकळत आपल्या तोंडी येतात. मावशी आनंदाने देतीलही. पण नाही म्हणण्याची मोकळीक जिला नसते, तिच्या देण्याला दान म्हणता येत नाही. तेव्हा मागण्याआधी तिचे डोळे कसे आहेत, बोटे दुखतात का, तिला सवड आहे का, हे विचारावे. कष्टाचे काम असेल, तर मोल ठरवावे, आणि तिने ते नाकारले, तरच ती भेट समजून घ्यावी. वस्त्र वेदीवर चढेल त्या रविवारी ते कोणी विणले, हे धर्मग्रामाला कळू द्यावे. शिवाय ज्या घरात मुलगी पुस्तक हाती घेऊन बसलेली चालत नाही आणि सुई घेऊन बसलेली चालते, त्या घरात क्रोशाचे प्रेम फुलणार नाही. मोकळ्या हातालाच ते फुलते, मग तो हात मुलीचा असो वा मुलाचा.

वधस्तंभाखाली शिपायांनी प्रभूच्या वस्त्रांचे वाटे केले. पण त्याचा अंगरखा त्यांनी फाडला नाही, कारण त्याला शिवण नव्हती, तो वरपासून सबंध विणलेला होता. तो मरिया मातेने विणला होता, अशी एक जुनी श्रद्धा आहे. शिपायांनाही त्या वस्त्राचे मोल कळले आणि त्यांनी त्यावर चिठ्ठ्या टाकल्या. तो विणणारी मात्र तेथेच उभी होती, आणि तिला कोणी काही विचारले नाही. आपल्या कपाटांत घडी घालून ठेवलेल्या झालरी, रुमाल आणि झबली ज्या हातांनी विणली, त्यांतले काही हात अजून आपल्यात आहेत. त्यांच्या शेजारी बसायला, त्यांच्याकडून शिकायला आणि त्यांना द्यायचे ते द्यायला अद्याप वेळ आहे.