परतीचे शिखर

केलेले कर्म मागे घेता येते काय, हा प्रश्न आपल्या धर्मशास्त्रकारांनी ज्या निर्भीडपणे हाती घेतला, त्या निर्भीडपणे तो आज क्वचितच कोणी हाती घेतो. गौतम धर्मसूत्राच्या एकोणिसाव्या अध्यायात प्रायश्चित्ताचे विधान सांगण्यापूर्वीच सूत्रकाराने पूर्वपक्ष उभा केला आहे, तो असा की, कर्माचा क्षय मुळी होतच नाही, तेव्हा प्रायश्चित्त करणे व्यर्थ होय; आणि त्यानंतर वेदवचनांचे दाखले देऊन, ते केलेच पाहिजे, असा निकाल दिला आहे. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या १९५३ साली निघालेल्या चौथ्या खंडात या वादाची विस्ताराने छाननी केली आहे. निकाल सिद्धांतपक्षाकडे लागला हे खरे. परंतु पूर्वपक्षाचे बळ किती, हे मला ग्रंथांपेक्षा विद्युद्रसायनातील एका प्रयोगाने अधिक स्पष्टपणे दाखवले.

हा प्रयोग म्हणजे सायक्लिक व्होल्टामेट्री; विद्यार्थ्यांच्या बोलीत नुसती ‘सीव्ही’. प्रागच्या हेरॉव्हस्की यांनी १९२२ साली पाऱ्याच्या ठिबकत्या थेंबाला विद्युत् अग्र करून जी वाट पाडली, तिच्यावरूनच पुढे निकल्सन आणि शेन यांच्या १९६४ सालच्या निबंधापर्यंत या पद्धतीचे गणित सिद्ध झाले. काचसदृश कार्बनची जेमतेम तीन मिलिमीटर व्यासाची चकती ॲल्युमिनाच्या ओल्या पांढऱ्या भुकटीवर, आठाचा इंग्रजी आकडा गिरवावा तशी, आरशासारखी लखलखीत होईपर्यंत घासायची, धुवायची, विद्रावातून नायट्रोजन सोडून प्राणवायू हाकलायचा, आणि मग सारे निश्चल ठेवायचे. कारण येथून पुढे विद्राव ढवळणे निषिद्ध. चकतीवरचा विभव, म्हणजे विद्युद्दाब, ठरावीक गतीने, समजा सेकंदाला १०० मिलिव्होल्ट, एका दिशेने नेत जायचा आणि ठरल्या जागी पोचताच त्याच गतीने मागे फिरवायचा. पोटॅशियम फेरीसायनाइडाच्या पिवळसर विद्रावात जाताना त्याचे क्षपण होते, प्रवाह चढतो, शिखर गाठतो आणि चकतीजवळचा साठा सरून दुरून येणारा पुरवठा अपुरा पडू लागताच उतरतो. परतताना जे क्षपित झाले त्याचेच ऑक्सिडीभवन होऊन उलट दिशेचे दुसरे शिखर उमटते. दोन शिखरांतील अंतर ५९ मिलिव्होल्टांच्या आसपास असले, म्हणजे विक्रिया सुखाने परतणारी आहे, असा दाखला मिळतो.

येथवर सिद्धांतपक्षाला हर्ष व्हावा. परंतु परतीच्या शिखराची उंची शून्यापासून मोजायची नसते. जातानाचा उतरता प्रवाह, विभव मागे फिरवला नसता तर ज्या रेघेने उतरत राहिला असता, त्या कल्पित रेघेपासून ती मोजावी लागते. तशी मोजली तरच दोन्ही शिखरे समान भरतात. शिवाय, जाताना जितके द्रव्य पालटले, तितके सारे परतीच्या फेरीत वसूल होत नाहीच. काही अंश विसरणाने चकतीपासून दूर निघून गेलेला असतो, आणि तो पुन्हा हजर होत नाही. म्हणजे ज्या विक्रियेला शास्त्र आदर्श परतणारी म्हणते, तिच्याही हिशेबात बाकी राहते. विभव मूळ जागी आला, विद्राव मात्र मूळचा राहिला नाही.

त्याहून गंभीर अशी दुसरी जात आहे. आपल्या घरोघरी असणाऱ्या पॅरासिटामॉलचे ऑक्सिडीभवन चकतीवर घडवले, तर त्यापासून एक चंचल पदार्थ निर्माण होतो. तीव्र आम्लधर्मी विद्रावात तो पाण्याशी संयोग पावून पाहता पाहता भलतेच रूप घेतो, आणि विभव संथपणे परत आणला तर परतीचे शिखर दिसतच नाही. गती वाढवली, तर ते पुसटसे उमटते; आम्लता उतरवली, तर चांगले स्पष्ट होते. कर्म तेच, कर्ता तोच. परत येणे न येणे हे ठरले परतीच्या त्वरेवर आणि सभोवतालच्या परिस्थितीवर. पश्चात्तापाला मुदत असते, असे मी यावरून समजतो. मनुष्य उद्या परतण्यास राजी असेल. पण त्याने ज्यावर कर्म केले ते द्रव्य तोवर परतण्याजोगे उरलेले असेल, याची हमी कोण देणार?

रेणूला हेतू नसतो आणि मनुष्याला असतो, हा आक्षेप मला मान्य आहे. परंतु हेतूचा विचार याज्ञवल्क्यस्मृतीने आधीच करून ठेवला आहे. अजाणता घडलेले पाप प्रायश्चित्ताने जाते. जाणूनबुजून केलेल्याच्या बाबतीत मात्र कर्ता केवळ व्यवहार्य होतो, म्हणजे समाजाने त्याच्याशी देवघेव ठेवण्यास तो पात्र ठरतो. विज्ञानेश्वराने मिताक्षरेत याची फोड करताना पापाच्या दोन शक्ती मानल्या, एक नरकाला नेणारी आणि दुसरी व्यवहार अडवणारी, आणि बुद्धिपूर्वक केलेल्या पापात प्रायश्चित्ताने दुसरीच हटते, असे सांगितले. इतका सूक्ष्म आणि इतका प्रामाणिक भेद मी अन्यत्र क्वचितच पाहिला आहे.

हा भेद नव्या मुंबईच्या रहिवाशाने तर अवश्य लक्षात घ्यावा. १९६०च्या दशकापासून ठाणे-बेलापूर मार्गालगत रसायनांचे कारखाने उभे राहिले. त्या काळी कॉस्टिक सोडा करण्याची रूढ रीत पाऱ्याचे ऋणाग्र वापरण्याची होती, आणि ठाणे खाडीतील पाऱ्यासंबंधीचे संशोधन १९८१ साली छापून आले. जपानात पाऱ्याच्या विषबाधेने होणारी मिनामाताची व्याधी १९५६ सालीच उघड झाली होती, तेव्हा अजाणतेपणाची सबब येथे फारशी टिकत नाही. पुढे आपल्या देशातील कारखान्यांनी पाऱ्याची पद्धत टप्प्याटप्प्याने टाकून मेंब्रेनची पद्धत स्वीकारली. हे उचित झाले, आणि व्यवहार मोकळा झाला. परंतु प्राणवायूविरहित गाळात उतरलेल्या पाऱ्याचे जिवाणू मिथिल पाऱ्यात रूपांतर करतात, आणि तो माशांच्या अंगी साठत जातो. पॅरासिटामॉलच्या त्या चंचल पदार्थाप्रमाणेच येथेही मूळ विक्रियेच्या पाठीवर दुसरी विक्रिया स्वार होते, आणि विभव कितीही मागे फिरवला तरी परतीचे शिखर मिळत नाही. खाडीला २०१५ साली रोहित पक्ष्यांचे अभयारण्य म्हणून आणि २०२२ साली आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणजे रामसर क्षेत्र म्हणून मान मिळाला, याचा मला आनंद आहे. तथापि गाळाच्या दफ्तरी या घोषणांची नोंद होत नाही.

म्हणून दंड भरून दाखला मिळवणाऱ्यास व्यवहार्य म्हणावे, निष्पाप म्हणू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. दंडाची रक्कम सरकारजमा झाली म्हणजे मामला मिटला, अशी समजूत प्रशासनाने आणि आपण नागरिकांनीही सोडून द्यावी, आणि त्या रकमेतून गाळाची नियमित तपासणी व्हावी, असा आग्रह धरावा. गौतमाचा पूर्वपक्ष खोडून काढण्यास विद्युद्रसायनाने एकच साधन आपल्या हाती दिले आहे, ते म्हणजे त्वरा. तळोज्याला, रबाळ्याला किंवा तुर्भ्याला राहणाऱ्या वाचकांना माझी विनंती आहे की, अपरात्री नाल्याच्या पाण्याचा रंग पालटलेला दिसला किंवा उग्र दर्प आला, तर सकाळची वाट न पाहता त्याच रात्री प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे तक्रार नोंदवावी आणि पाण्याचा नमुना तेव्हाच घेण्याचा तगादा लावावा.