राखणदार

वॉशिंग्टन शहराच्या आग्नेय भागात मरीन बराकींचं जुनं आवार आहे. तिथल्या कवायतीच्या मैदानाच्या उत्तर टोकाला एक पांढरं विटांचं घर उभं आहे. १८०६ मध्ये ते बांधून झालं आणि तेव्हापासून अमेरिकेच्या मरीन कोअरचे कमांडंट तिथेच राहत आले. १८१४ च्या ऑगस्टमध्ये ब्रिटिश फौजेनं कॅपिटॉल जाळलं, राष्ट्राध्यक्षांचं निवासस्थान जाळलं. हे घर मात्र वाचलं. घराच्या भिंतींवर होऊन गेलेल्या कमांडंटांची चित्रं लावलेली आहेत. त्या ओळीत चौथे कमांडंट अँथनी गेल यांचं चित्र नाही.

गेल १८१९ मध्ये पदावर आले आणि पुढच्याच वर्षी दारूच्या व्यसनासह इतर आरोपांवरून लष्करी न्यायालयापुढे उभे राहिले. त्यांना बडतर्फ करण्यात आलं. अडीचशे वर्षांच्या इतिहासात असं काढून टाकलेले ते एकमेव कमांडंट. त्यांचा चेहरा कसा होता हे सांगणारं अस्सल चित्र उरलेलं नाही, आणि त्यांना कुठे पुरलं तेही कुणाला ठाऊक नाही. आपल्या परंपरेचा कण न् कण जपणाऱ्या दलाला आपल्याच एका प्रमुखाचा चेहरा जपता आला नाही. त्या पदाचा विचार करू लागलो की मला आधी आठवते ती ही रिकामी जागा. माणूस येतो, जातो, क्वचित पुसलाही जातो. पद मात्र चालत राहतं. मग त्या पदावर बसलेल्याचं त्यात नेमकं काय असतं?

गेल यांच्यानंतर आले आर्चिबाल्ड हेंडरसन. १८२० पासून १८५९ पर्यंत, तब्बल ३८ वर्षं, मरेपर्यंत ते कमांडंट होते. त्यांच्या काळात ११ राष्ट्राध्यक्ष होऊन गेले. अँड्र्यू जॅक्सन यांनी मरीन कोअर भूदलात विलीन करावं असं सुचवलं, तेव्हा हेंडरसन यांनी ते तगवलं. १८३४ च्या कायद्यानं कोअर नौदल खात्यात पक्कं बसलं. त्यांच्याविषयी दोन गोष्टी पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या जातात. पहिली अशी, की १८३६ मध्ये आदिवासी जमातींविरुद्धच्या मोहिमेवर निघताना त्यांनी कचेरीच्या दारावर चिठ्ठी डकवली: फ्लोरिडाला लढायला गेलो आहे, युद्ध संपल्यावर परतेन. दुसरी अशी, की त्या पांढऱ्या घरात ते इतकी वर्षं राहिले की घर सरकारचं आहे हे विसरून त्यांनी ते मृत्युपत्रात वारसांच्या नावे लिहिलं.

दोन्ही दंतकथाच, पण दंतकथा उगीच टिकत नाहीत. पहिलीत सरदाराचा अभिमान आहे आणि दुसरीत त्याच अभिमानाची सावली. जे सांभाळायला दिलं, ते सांभाळता सांभाळता आपलंच वाटू लागतं. आपल्या कोकणात गावाच्या वेशीवर राखणदार असतो. त्याला वर्षाची राखण द्यायची, नारळ ठेवायचा आणि निर्धास्त झोपायचं. बागेवर नजर त्याची, पण आंब्यावर हक्क त्याचा नाही. कमांडंट या पदाला मराठीत मला याहून जवळचा शब्द सापडत नाही.

कारण या पदाची गोम अशी, की मरीन कोअरचा हा प्रमुखच युद्धात मरिनांना हुकूम देत नाही. हेंडरसन स्वतः लढायला जाऊ शकले. आजचा कमांडंट तसा जाऊ शकत नाही. रणांगणावरची आज्ञा राष्ट्राध्यक्षांकडून संरक्षणमंत्र्यांकडे आणि तिथून त्या त्या प्रदेशाच्या संयुक्त सेनापतीकडे जाते. कमांडंट या साखळीच्या बाहेर असतो. त्याचं काम दल उभं करणं, शिकवणं, सज्ज ठेवणं आणि मग दुसऱ्याच्या हाती सोपवणं. तो नौदल खात्याच्या मंत्र्याला जबाबदार असतो, संयुक्त सेनाप्रमुखांच्या मंडळात बसतो, आणि त्याची मुदत साधारण चार वर्षांची असते. तलवारीला धार लावायची त्यानं, ती उपसायची दुसऱ्यानं.

ही शिकवणुकीची बाजू सर्वांत खोलवर कळली ती तेरावे कमांडंट जॉन लेजून यांना. पहिल्या महायुद्धात त्यांनी फ्रान्समध्ये एका संपूर्ण डिव्हिजनचं नेतृत्व केलं होतं. १९२१ मध्ये त्यांनी लिहून ठेवलं की अधिकारी आणि शिपाई यांचं नातं मालक-नोकराचं नसावं. ते गुरु-शिष्याचं, बाप-लेकाचं असावं. त्याच वर्षी त्यांनी १० नोव्हेंबर हा कोअरचा वाढदिवस पाळण्याचा आदेश काढला, कारण १७७५ मध्ये त्या तारखेला पहिली मरीन पथकं उभारण्याचा ठराव झाला होता. लेजून यांचा तो संदेश आजही दरवर्षी वाचून दाखवला जातो. केक कापला की हजर असलेला वयानं सर्वांत मोठा मरीन सर्वांत धाकट्याच्या हातात तुकडा देतो. सांगायचं ते सगळं त्या एका कृतीत येतं: मला मिळालं होतं, ते आता तुझ्याकडे.

पण राखणदारीला स्वतःचा अंधारही असतो. सतरावे कमांडंट थॉमस हॉलकम्ब कर्तबगार होते. दुसऱ्या महायुद्धातली कोअरची प्रचंड वाढ त्यांनी पेलली. मात्र काळ्या तरुणांना मरीन म्हणून घ्यायला त्यांनी उघड विरोध केला. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या धोरणापुढे १९४२ मध्ये दार उघडावं लागलं, तेही वेगळ्या छावणीचं. नॉर्थ कॅरोलायनातल्या माँटफर्ड पॉइंट इथे १९४९ पर्यंत जवळपास २०,००० काळे मरीन वेगळे ठेवून घडवले गेले. त्यांना काँग्रेसचं सुवर्णपदक मिळायला २०१२ साल उजाडलं. त्यासाठी पाठपुरावा करणाऱ्यांत पस्तिसावे कमांडंट जेम्स एमॉस होते. हॉलकम्ब यांना वाटलं असेल, आपण कोअर जपतो आहोत. प्रत्यक्षात ते एक कुंपण जपत होते. त्या कुंपणाची दखल त्याच खुर्चीवरून घेतली जायला जवळपास सत्तर वर्षं लागली. कशाची राखण करायची हे चुकलं, की निष्ठेचाही अन्याय होतो.

हॉलकम्ब यांच्यानंतरचे अलेक्झांडर व्हँडग्रिफ्ट. १९४२ च्या ऑगस्टमध्ये ग्वादलकॅनाल बेटावर उतरलेल्या डिव्हिजनचे ते सेनापती होते. दोनच दिवसांत आरमार निघून गेलं आणि अपुऱ्या सामानानिशी त्यांनी ते बेट धरून ठेवलं. युद्ध संपल्यावर सेनादलांच्या एकत्रीकरणाची योजना आली आणि कोअर नाममात्र उरेल अशी चिन्हं दिसू लागली. ६ मे १९४६ रोजी व्हँडग्रिफ्ट सिनेटच्या समितीपुढे गेले. गुडघे टेकणं ही आमची रीत नाही, असं ते म्हणाले; १७० वर्षांच्या सेवेनंतरही मरिनानं आपली जागा कमावली नसेल तर त्यानं जावं, पण मान राखून जाऊ द्यावं. मला या निवेदनात सर्वांत मोठी वाटते ती ‘जावं’ म्हणण्याची तयारी. ज्याला मालकी वाटते त्याच्या तोंडून हा शब्द निघत नाही. कोअर टिकलं, १९५२ च्या कायद्यानं त्याच्या किमान तीन डिव्हिजन आणि तीन हवाई विंग कायम केल्या.

अलीकडे हाच प्रश्न वेगळ्या रूपात उभा राहिला. अडतिसावे कमांडंट डेव्हिड बर्गर यांनी २०२० मध्ये कोअरचे सगळे रणगाडे काढून टाकायला सुरुवात केली, तोफखाना घटवला आणि प्रशांत महासागरातल्या बेटांवर क्षेपणास्त्रांसह लपून राहतील अशा लहान तुकड्यांची मांडणी केली. निवृत्त सेनानी, त्यांत काही माजी कमांडंटही, जाहीरपणे विरोधात उतरले. त्यांचं दुःख मला खोटं वाटत नाही. आपण लावलेली झाडं नवा राखणदार तोडतो आहे, हे पाहणं सोपं नसतं. पण वारसा सोपवताना त्याचा आकारही बांधून देता येत नाही. निर्णय बरोबर होता का, हे काळ ठरवील; निर्णय घ्यायचा अधिकार मात्र ज्याची पाळी आहे त्याचाच.

आणि पाळी कुणाचीच नसेल तर? १० जुलै २०२३ रोजी बर्गर पायउतार झाले तेव्हा एका सिनेटरच्या अडवणुकीमुळे उत्तराधिकाऱ्याला मंजुरी मिळालेली नव्हती. शंभराहून अधिक वर्षांत प्रथमच कोअर मंजूर कमांडंटाविना राहिलं. त्या उत्तराधिकाऱ्यानं, एरिक स्मिथ यांनी, हंगामी म्हणून दोन पदांचा भार वाहिला. सप्टेंबरमध्ये मंजुरी आली. ऑक्टोबरच्या अखेरीस बराकींजवळ धावत असताना त्यांचं हृदय बंद पडलं. रस्त्यावरच्या लोकांनी छाती दाबून त्यांना जगवलं, आणि पुढच्या मार्चमध्ये ते कामावर परतले.

शेवटी मात्र माझं मन १९८३ कडे जातं. २३ ऑक्टोबरच्या पहाटे बैरूतमधल्या बराकीवर स्फोटकांनी भरलेला ट्रक आदळला. २४१ अमेरिकी सैनिक मेले, त्यांत २२० मरीन. तिथली आज्ञा अठ्ठाविसावे कमांडंट पॉल केली यांच्या हाती नव्हती, पण माणसं त्यांची होती. ते पश्चिम जर्मनीतल्या लष्करी रुग्णालयात गेले. एका जखमी तरुणाच्या डोळ्यांवर पट्ट्या होत्या, अंगात नळ्या खुपसलेल्या होत्या, बोलता येत नव्हतं. आपल्यापाशी खरोखर कमांडंट आले आहेत यावर त्याचा विश्वास बसेना. त्यानं हात वर केला, चाचपडत केलींची कॉलर धरली आणि तिच्यावरचे तारे बोटांनी मोजले. चार भरले. मग त्यानं कागद मागून त्यावर कोअरचं ब्रीद लिहिलं: सदैव निष्ठावान.

केलींनी पुढे आपले ते चार तारे त्या मुलाला दिले.